शंभर टक्के त्रिकोण

आमच्या रविवारच्या क्लासचे किस्से एकदा सुरू झाले की आवरत नाहीत. एक सांगत असतानाच दुसरा आठवतो, आणि त्यात सर आले की तिसऱ्याला बोलवावं लागत नाही! मी तसा फार बोलणारा नाही. मानपाड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, तिथे बोलायची गरजही पडत नाही. पण हे मनात ठेवून आता जड झालंय.

क्लास डोंबिवली पूर्वेला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. शाळा मध्येच सोडलेल्यांना दहावीला बाहेरून बसवायचं. मी नववीत सोडलेली. माझ्या बाकावर जयवंतमामा, खाडीकाठचे कोळी. मच्छी मार्केटात त्यांचा गाळा आहे. मुलाला गणितावरून ओरडायला गेले, तर तो म्हणाला, "आधी तुम्ही पास व्हा!" म्हणून आले.

पुढच्या बाकावर रेखावहिनी. एका हॉस्पिटलात आया. दहावी झाली की वॉर्डात असिस्टंट म्हणून घेणार होते, नाहीतर जन्मभर फरशी आणि बेडपॅन. बाकी सगळे विषय सुटलेले. भूमितीपायी गणित तेवढं दोनदा अडकलेलं.

* * *

सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "त्रिकोण समजून घ्यायचा नसतो. पाठ करायचा असतो!"

त्यांचा त्रिकोण कायम एबीसी. मामांनी विचारलं, "आणि पेपरात पीक्यूआर आला तर?"

"मग तो आपला नाही!"

* * *

एकदा तिन्ही कोन मोजून बेरीज करायची होती. कोणाची एकशे अठ्ठ्याहत्तर आली, कोणाची एकशे त्र्याऐंशी. सर म्हणाले, "लिहा एकशे ऐंशी!"

मामा चपापले. "सर, मी वजनात असा घोळ केला तर गिऱ्हाईक पापलेट तोंडावर मारंल."

"तुमचा कोनमापक खोटा आहे."

"सगळ्यांचाच?"

सरांनी स्वतःचा लाकडी कोनमापक आणला. फळ्यावर त्रिकोण काढला, मोजला. बेरीज एकशे चौऱ्याऐंशी! सरांनी कोनमापकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आज खडू जाड आलाय."

* * *

मग एकरूप त्रिकोण आले. बाबाबा, बाकोबा, कोबाको, बाजू आणि कोनांच्या या कसोट्या सगळा वर्ग आरतीसारख्या घोळवायचा. मामा म्हणाले, "एवढं कशाला? कापून एकावर एक ठेवा की."

"परीक्षेत कात्री चालत नाही!"

रेखावहिनीने हात वर केला. "सर, बाकोबा चालतं. मग दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन घेतला तर?"

"नाही चालत."

"पण का?"

सर हसले. "बाबाको असं नाव कधी ऐकलंय का?"

आम्हीही हसलो. वहिनी नाही हसली. तिने घरी जाऊन तसले दोन त्रिकोण काढले, एकमेकांशी न जुळणारे, आणि पुढच्या रविवारी सरांना दाखवले. सर म्हणाले, "बघा! म्हणून नाव ठेवलं नाही!"

* * *

मला एकदाच फळ्यावर बोलावलं. काटकोन त्रिकोण काढायला सांगितला. मी काढला. काटकोन वरच्या टोकाला आला.

"हा वर कसा गेला?"

मी हळूच म्हणालो, "फळा फिरवला तर येईल सर खाली."

"फळा भिंतीला ठोकलाय!"

त्यानंतर मी काटकोन कायम खालीच काढला.

* * *

आता सरांच्या फ्लेक्सबद्दल. दर वर्षी चौकात त्यांचा फ्लेक्स लागतो, 'शंभर टक्के निकाल', खाली पास झालेल्यांचे फोटो. निकाल शंभर टक्के कसा लागतो ते आम्हाला सराव परीक्षेनंतर कळलं. सरांनी रेखावहिनीला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल इतकंच.

"रेखाबाई, यंदा राहू द्या. दोनदा गेलंय तुमचं. प्रश्न फार विचारता, पाठांतर होत नाही. उगाच माझा निकाल बिघडेल."

वहिनी म्हणाली, "सर, तुमचा निकाल फ्लेक्सवर लागतो. माझा नोकरीवर लागणार आहे."

तिने पर्स उचलली आणि गेली. आम्ही बसून पाठ करत राहिलो. बाबाबा, बाकोबा.

* * *

निकाल लागला. सरांनी निवडून पाठवलेले आम्ही सगळे गणितात आपटलो. मामा घरी मुलाची नजर चुकवत फिरत होते. आणि स्वतःच फॉर्म भरून, घरी आपल्या नववीतल्या मुलीबरोबर अभ्यास करून, रेखावहिनी पास!

मी जुलैच्या परीक्षेसाठी तिच्याकडे समरूप त्रिकोण शिकायला गेलेलो, तेव्हा दारात सर. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"रेखाबाई, एक चांगलासा फोटो द्या. फ्लेक्स छापायला गेलाय."

"शंभर टक्क्यांचा?"

"हो! क्लासमधून एकच बसलं, एकच पास झालं, असं धरलंय."

वहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"तो पुढच्या बॅचला धरलाय."

मी वहीत डोकं घातलं.

"फोटो देते की," वहिनी म्हणाली. "आधी एवढं सोडवून द्या." तिने मुलीच्या वहीतलं एक पान फाडलं, त्यावर लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं.

पक्ष : रेखा पास झाली.
साध्य : रेखाला सरांनी शिकवलं.
सिद्धता :

खाली सगळी जागा मोकळी.

सर खुर्चीवर बसले. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. पान उलटून पाहिलं. मग मान वर करून म्हणाले,

"हे कितव्या प्रकरणातलं?"