राकेसाचा बिल्ला

माझ्या थोरल्या भावाला पिनांचा नाद आहे. साडीच्या नव्हे, केसांच्याही नव्हे. कार्टूनच्या सिनेमातले दुष्ट लोक, म्हणजे वाकड्या नाकाच्या चेटकिणी, कपटी जादूगार, शिंगवाले राक्षस, यांच्या तोंडाचे धातूचे बिल्ले. त्यातही ‘लिमिटेड एडिशन’. म्हणजे कंपनी मोजकेच काढते आणि याच्यासारखे दीडशहाणे त्यावर तुटून पडतात. नागपूरला त्याच्या घरात देव्हारा वीतभर आणि बिल्ल्यांचं काचेचं कपाट भिंतभर! बरं, पिन आहे तर लाव ना बाबा शर्टाला. तेही नाही. टोचली की खराब होते म्हणे. एकदा घाईत पदराला पिन मिळेना म्हणून मी त्यातली एक चेटकीण काढायला गेले, तर विंचू चावल्यासारखा किंचाळला.

आणि घरात याचा स्वतःचा बाप राकेस होता. राकेस म्हणजे राक्षसच. दिवाळीनंतर आमच्या आसगावकडे मंडई, म्हणजे जत्रा भरते, त्यात भरदुपारी दंडार होते. गावातलीच माणसं तोंडाला रंग फासून सोंग घेतात, नाचतात. बाबा नुसते हसले तरी पुढे बसलेली लेकरं आईला बिलगायची. भावाला त्याचीच लाज. “पोट्टे मले राकेसाचा पोरगा म्हनत,” म्हणून कॉलेजात गेल्यापासून त्यानं एकही दंडार पाहिली नाही. आता मात्र परदेशातले राकेस पार्सलनं मागवतो!

एका वर्षी बाबांचे गुडघे पार गेले होते. हे शेवटचं सोंग, असं त्यांनीच ठरवलं. मला म्हणाले, “बापूले सांगजो बाई, एकदा ये म्हना. मी कसा नाचतो, पाहू दे त्याले.” मी फोनवर भांडले, रडलेसुद्धा. शेवटी आला एकदाचा.

दंडारीच्या जागेमागे साड्या बांधून आडोसा केला होता. बाबा निळं तोंड रंगवून बसले होते. हा शहाणा त्यांच्याकडे बघायचं सोडून मला नवा बिल्ला दाखवायला लागला. निळ्या तोंडाचा, शिंगवाला. बाबांनी तो पाहिला. आमच्याकडे ज्याचा सत्कार असतो त्याच्या छातीवर बिल्ला लावतात. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठलाच.

“माह्याच तोंडाचा बिल्ला बनवून आनला का गा बापू?” म्हणाले, आणि छाती पुढे केली.

भाऊ काही तो लावेना. तेव्हा बाबांनीच कौतुकानं बिल्ला हातात घेतला. बोटाचा रंग त्याला लागला.

“हात नोका लावू ना बाबा!”

“अगा, लावून दे त्याहिले,” मी दातओठ खाऊन म्हणाले.

“असा दुसरा भेटत नाही,” भाऊ म्हणाला.

“बरं बरं. तुही वस्तू हाय,” म्हणत बाबांनी तो परत केला. ढोलकी वाजली तसे ते बाहेर गेले.

काय नाचले त्या दिवशी! लेकरं रडली, म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. बाबांची नजर मात्र सारखी गर्दीत फिरत होती. मला राहवेना. मी आडोशामागे गेले. भाऊ तिथंच बसून रुमालाला थुंकी लावून बिल्ला घासत होता.

“दादा, बाबा नाचून राहिले ना!”

“एक मिनिट,” म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा ढोलकी थांबली होती आणि बाबा बोअरिंगच्या हापशावर तोंड धूत होते.

“निघाला बाई डाग,” तो मला खुशीत म्हणाला.