न्यातिती वाजवणारी बाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे. काजूच्या कारखान्यात राबून तिने मला शिकवलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्या पदवीवर बहरीनला, सनाबिसमधल्या एका हॉटेलच्या ऑफिसात लागलो. स्टाफच्या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमात कोण काय करणार, याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे केनियाचे लुओ लोक बरेच होते. न्यातिती हे त्यांचं आठ तारांचं वाद्य. वाजवणारा बुटक्या स्टुलावर बसतो आणि पायाच्या अंगठ्यातली लोखंडी कडी वाद्यावर आपटून ताल धरतो. वाजवायचं पुरुषांनी, बायकांनी गायचं, अशी जुनी रीत. हाउसकीपिंगमधल्या एका लुओ बाईने मात्र वाजवण्यासाठी नाव दिलं. वडिलांचं बघून शिकले, म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातला वादक, आमचा सिक्युरिटी गार्ड, दोघांना घेऊन माझ्या टेबलापाशी आला. ती वाजवणार असेल तर आम्ही कोणी स्टेजवर येणार नाही, म्हणाला. तिला नवऱ्याने उगाच नाही टाकलं, हेही ऐकवलं. भांडण नको म्हणून मी तिचं नाव कोरसमध्ये घातलं. तिला विचारलं नाही.

कार्यक्रमात गार्ड वाजवू लागला. लुओंमध्ये ऐकणाऱ्याने मध्येच वादकाला थांबवून स्वतःची थोरवी सांगायची पद्धत आहे. वादकाला थांबावंच लागतं. ती कोरसमधून पुढे आली आणि हात वर केला. तारा थांबल्या. तिने माईक घेतला आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलली.

"मी न्यातितीवाल्याची मुलगी. हा जे वाजवताना चुकतो, ते मी झोपेतही वाजवते. म्हणून याने त्या शिकलेल्या बाबूकडून माझं नाव कापून घेतलं."

"आधी दाढी येऊ दे," गार्ड म्हणाला.

"दाढी बोकडालाही असते."

लोक हसले. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी साउंडच्या टेबलावरून तिचा माईक बंद केला. ती तशीच थोडा वेळ बोलत राहिली आणि हॉलबाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. चादरींच्या घड्या घालता घालता, वर न बघता ती म्हणाली, "बॉस, तुझ्या घरात बायका नाहीत का?"

त्याच आठवड्यात मी बहिणीला लिहिलं:

"ताई, तुझ्या कष्टांवर शिकून मी इथे काय केलं ते ऐक. एका बाईला न विचारता तिचं नाव कापलं, आणि ती बोलू लागली तेव्हा तिचा आवाज बंद केला. आपल्या घरात तुझी शाळा बंद करून कारखान्यात धाडलं, तेव्हा तुला कोणी विचारलं होतं का? मीही इतकी वर्षं विचारलं नाही. आज विचारतो. रागाने लिहिलंस तरी चालेल, पण खरं लिही."