चारच्या पाढ्यातले ठोके

आमच्या बरखेड्यात, कारखान्याच्या वसाहतीत, सिंधू सिस्टरबद्दल एक बातमी फिरत होती: बाई लेबर रूममध्ये सट्टा चालवतात. दवाखान्याच्या कॅन्टीनमधल्या रमेशभैयांनी म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. नर्सिंगच्या पोरी कळा देणाऱ्या बाईजवळून येतात, चिठ्ठीवर काहीतरी लिहितात, घडी घालून बिस्किटांच्या डब्यात टाकतात आणि सिस्टर डब्याला कुलूप लावतात. "लड़का के लड़की, और क्या? अपन को सब पता है," असं ते एक डोळा बारीक करून सांगायचे. तो डोळा मी आठवड्याभरात नकलेत हुबेहूब बसवला आणि बातमी सगळ्या ब्लॉकमध्ये पोचवली. तेवढा गुन्हा माझा.

चिठ्ठ्यांवर आकडेच असायचे, पण ते पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचे.

सिस्टर मूळच्या वर्ध्याच्या, आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याने मापलेलं दूध त्या घरच्या मापाने पुन्हा मापायच्या. मनगटावरचं घड्याळ रोज कारखान्याच्या भोंग्याशी जुळवायच्या, आणि रविवारी भोंगाच बरोबर वाजतोय का ते रेडिओ लावून बघायच्या. काहीही सांगा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारणार, "बरं. आणि हे तुला कोणी सांगितलं?"

हेच एकदा मी जिन्यात मैत्रिणींना करून दाखवत होते. मैत्रिणी एकदम गप्प झाल्या तेव्हा मागे वळून पाहिलं. सिस्टर उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. फक्त माणसांचीच नक्कल येते का, एवढं त्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. तिथे एका गरोदर बाईला विचारून तिच्या पोटावर अॅल्युमिनियमचं छोट्या कर्ण्यासारखं नळकांडं टेकवलं आणि मला कान लावायला सांगितला. आत कुणीतरी घाईघाईने दार वाजवत होतं.

"आता हे टेबलावर वाजव."

मी पेन्सिलीने वाजवलं. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. पुन्हा वाजवायला लावलं. तिसऱ्यांदाही. मग म्हणाल्या, "बरं." त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता मी शिकाऊ नर्सच्या वर्गात पडद्यामागे बसून बाळ व्हायला लागले. कधी सरळ एका लयीत वाजवायचे. कधी, त्यांनी शिकवलं तसं, कळ ओसरल्यावर ठोके पाडायचे, म्हणजे मंदावायचे, आणि सावकाश पुन्हा चढवायचे; गुदमरणाऱ्या बाळाचे असे होतात. पोरींनी पूर्ण मिनिट मोजून आकडा लिहायचा, शेजारणीला न दाखवता. डबा आणि कुलूप त्यासाठीच. वॉर्डातही तोच नियम.

हे सगळं सुरू झालं एका रजिस्टरमुळे. वर्षभराचे आकडे तपासताना सिस्टरच्या लक्षात आलं की सगळीकडे एकशे छत्तीस, एकशे चाळीस, एकशे चव्वेचाळीस. सगळे चारच्या पाढ्यातले. म्हणजे पोरी पंधरा सेकंद ऐकणार, चारने गुणणार आणि चहाला जाणार. "वर्षभरात एकाही बाळाचा ठोका विषम नाही, हे मला पटत नाही," त्या म्हणायच्या.

मी एकदा विचारलं, एवढा संशय कशासाठी? त्यांनी आधी डब्याचं कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, "नागपूरला शिकत होते तेव्हा मीही कान न लावता एकशे चाळीस लिहिलं होतं. ते बाळ रडलंच नाही."

त्यांची सगळी वाक्यं मला येतात. हे मी कधी करून दाखवत नाही.

वर्गात मंदाकिनी नावाची एक मुलगी होती. स्वभावाने गोड, कामाला पक्की आळशी. मी पडद्यामागून ठोके नव्वदपर्यंत पाडले तरी हिची चिठ्ठी एकशे चाळीस. ही काही सुधारायची नाही, असं मी सिस्टरना सांगितलं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाई म्हणाल्या, सुधारेल. मग पैजच लागली: मंदाकिनीच्या पुढच्या बाळंतपणाचे आकडे चारच्या पाढ्यातले निघाले तर मी गणपतीच्या कार्यक्रमात सिस्टरची नक्कल करायची आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसून बघायची. नाही निघाले तर मी वर्षभर एकही गुरुवार चुकवायचा नाही.

पुढचं बाळंतपण निघालं माहेरी आलेल्या माझ्या वंदनाताईचं. दिलेल्या तारखेच्या आठ दिवस आधीच, भर दुपारी.

मी आणि आई बाहेरच्या बाकावर होतो. आतून ताईचं कण्हणं यायचं, मग शांतता. कळ ओसरली की कान लावायचा, हे मला पाठ होतं. आणि तेव्हा डोक्यात आलं: मी पैज जिंकले, तर याचा अर्थ ताईच्या पोटाशी कुणी नीट ऐकतच नाहीये. मी गुडघ्यावर एकशे चाळीस वाजवत बसले. आईने दोनदा हात धरला.

दार किलकिलं होतं. मंदाकिनीचा आवाज आला, "सिस्टर, ठोके पडतायत."

"कितीदा ऐकलंस?"

"तीन कळांनंतर. पूर्ण मिनिट. घड्याळ लावून."

सिस्टरनी तरी स्वतः कान लावलाच. पूर्ण मिनिट, घड्याळ लावून. मग डॉक्टरांना बोलावणं गेलं आणि ताईला ऑपरेशनला नेलं. बाळाच्या मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते. मुलगी झाली. जरा उशिरा रडली, पण रडली. आई बाकावरच पदर तोंडाला लावून बसून राहिली.

संध्याकाळी सिस्टर डबा घेऊन आल्या. कुलूप काढून एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. मंदाकिनीचं अक्षर: सत्त्याण्णव, त्र्याण्णव, एक्याण्णव.

"चारने भाग जातो का बघ," त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठीच्या मागे तिन्ही भागाकार मांडले. तिन्हींना बाकी उरली. मी हरले असं सांगितलं. सिस्टरनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, चिठ्ठी उलटी केली आणि माझे भागाकार एकेक करून तपासले.