तिची हाक

नातीनं विचारलं, "आजोबा, 'वेक अप' म्हणजे झोपेतून उठणं. मग 'वेक अप टु' म्हणजे?"

"एखादी गोष्ट उशिरा ध्यानात येणं," मी म्हणालो. "तेव्हा डोळे उघडेच असतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच पडून होतो. बायकोनं उशाशी चहा ठेवला आणि बशीवर चमचा हलकेच वाजवला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून लग्नापासून हीच तिची हाक. आणि मी मात्र साऱ्या जगाला सांगत आलो, "मला गजर लागत नाही, आपोआप जाग येते." शाळेत वक्तशीर मास्तर म्हणून मिरवलो.

नाश्त्याला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला रोज हिनं उठवलं."

"आणि आजी, तुला कोण उठवायचं?" नातीनं विचारलं.

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"मला कोण उठवणार? यांना उशीर होईल या धास्तीनं धड झोपच लागायची नाही," म्हणत ती हसली.

ती अजून समोर बसून हसते आहे, हेच मला मोठं भाग्य वाटलं.