मांजराला डोळे नव्हते

चहा घ्या आधी. माझी फजिती जरा लांबलचक आहे.

मी बालशिक्षणात पीएच.डी. केलेला माणूस. आयुष्यभर भावी शिक्षकांना शिकवलं. एवढं शिकूनही घराचं कुलूप तीनदा ओढून बघतो आणि रोहा स्टेशनवर पोचलो की वाटतं, चौथ्यांदा बघायला हवं होतं. अशा माणसाला कोणी मत विचारू नये. पण पेणच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं. माझी जुनी विद्यार्थिनी.

"सर, बालवाडी ते दहावी मुलं कशी घडत जातात, त्याचं चित्रप्रदर्शन लावलंय. बघून जा. मोठ्या शिशूतलं कोणी पहिलीसाठी कच्चं वाटलं तर तेही सांगा."

गेलो. व्हरांडाभर चित्रं. छोट्या शिशूत डोक्यालाच पाय फुटलेले. पहिलीत हाताला बोटं येतात, तिसरीत डोंगरामागे सूर्य, सातवीत घराला सावली. दहावीत नुसत्या विज्ञानाच्या आकृत्या, त्याही पट्टीने आखलेल्या. असं घडवतो आपण मुलांना. असो.

मोठ्या शिशूतल्या आर्याच्या चित्रापाशी मी थबकलो. आई, बाबा, गणपती, मांजर. हाताला बोटं बरोबर पाच, साडीला काठ, मांजराला मिश्या. आणि डोळे? एकालाही नाहीत.

हे मूल माणसांच्या चेहऱ्याकडे बघतच नसेल का? मला स्वतःच्या मताची खात्री कधी नसते. नेमकी त्या दिवशी होती. कागदावर लिहून टाकलं, 'पहिलीत घालू नये. आणखी एक वर्ष मोठ्या शिशूत ठेवावे.' खाली सही ठोकली.

मुख्याध्यापिका बाईंनी आर्याच्या आईला बोलावलं. ती गणपतीच्या कारखान्यातून तशीच आली, कोपरापर्यंत रंग. कागद वाचून तिने टेबलावर ठेवला.

"माझी पोर मागं राहणार नाय. वाचता येतंय तिला, बेचा पाढा पाठ हाय. काय कमी हाय तिच्यात?"

"ताई, तिला डोळे काढता येत नाहीत."

"येत नायत, की काढत नाय? इचारलंत तिला?"

नव्हतं विचारलं. 'आधी मुलाला विचारा' हे मी पस्तीस वर्षं वर्गात घोकून घेतलं होतं, बरं का.

आर्या आली. मी तिचंच चित्र टेबलावर ठेवून पेन्सिल पुढे केली. "मांजराला डोळे काढ बघू."

"नाय. डोळे आजोबा काढतात."

"तू काढलेस तर?"

"माझा हात बसला नाय अजून."

सहा वर्षांची पोर, पण बोलणं मुरलेल्या कारागिराचं. आई म्हणाली, "आमच्यात डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती सासरेच करतात. माझा नवरा बारा वर्षं रंग देतोय, त्याला पण ते डोळ्यांना हात लावू देत नायत. त्यालाही बसवा मोठ्या शिशूत."

मीही हट्टाला पेटलो. "अगं, सोपं असतं," म्हणत मांजराला दोन डोळे काढले. आर्याने मान वाकडी करून ते बघितले, खोडरबर घेतला आणि दोन्ही खोडून टाकले.

"तुमचा पण नाय बसला," ती म्हणाली.

बाई कानाशी येऊन कुजबुजल्या, "सर, कागद फाडून टाकू. कोणाला कळणार नाही."

इथे मात्र मी अडून बसलो. पोरांच्या चुकांवर उभा जन्म लाल रेघा ओढल्या, मग माझीच चूक का लपवायची? त्याच कागदावर लिहिलं, 'वरील मत चुकीचे. मुलीला विचारले नव्हते. पहिलीत घालावे.'

"संस्थेचे लोक वाचतील, सर."

"वाचू देत. नोटीस बोर्डावर लावा."

लावला त्यांनी. चार दिवस पेणभर माझी चर्चा. "रोह्याचे ना ते? मग बरोबर," असंही कोणी म्हणालं म्हणे.

जाताना आर्याची आई म्हणाली, "रविवारी कारखान्यात या, सर. नवीन माणसाला आम्ही मूर्तीचा पाट रंगवायला देतो."

ती टोमणा मारत होती. मी गेलो. तेव्हापासून दर रविवारी जातो.

आर्या आता पहिलीत आहे. परवा मी तिला विचारलं, "काय गो, मला पाटावरून वर उंदरापर्यंत तरी कधी चढवणार?"

तिने माझ्या पाटाच्या कडा नीट बघितल्या.

"यंदा नाय," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी बघू. येताना तुमच्या आईला घेऊन या."