अप्पांच्या पोथीचे मोरोक्को

प्रभाकर गेल्याची तार मला चिपळूणला शाळेत मिळाली. अशा वेळी डोळ्यांत पाणी यायचे. माझ्या डोळ्यांपुढे आली एक लाल पोथी, आणि भर वर्गात, पोरांच्या देखत मला हसू फुटले. त्याची लाज अजून गेलेली नाही. इतका जवळचा मित्र, आणि मी हसलो... पण आता काही आठवड्यांनी लिहायला बसलो आहे तर उसने रडण्यापेक्षा ते हसू कशाचे होते तेच सांगतो.

रत्नागिरीला आम्ही दोघे मास्तर एका शाळेत आणि एका खोलीत. तो भूगोल शिकवी, पण जीव सगळा शब्दांत. पगाराचा विषय निघाला की पगार पोर्तुगीजांकडून कसा आला ते सांगे, चावी मागितली की तीही त्यांचीच. तोवर आमटी गार. मी चिडलो की म्हणे, "अरे, माणूस दारात आला की आपण विचारतो ना, कुठले तुम्ही? मग शब्दाला का नाही विचारायचं?"

गावातल्या अप्पांच्या मुलीला प्रभाकरसाठी बघायला आम्ही दोघेच गेलो, कारण त्याला वडीलधारे कोणी नव्हते. मुलगी त्याने देवळाच्या वाटेवर आधीच पाहिली होती. "हे जुळलं नाही तर मी लग्नच करत नाही," असे सकाळपासून चालले होते. अप्पा सोवळ्याचे इतके कडक की वहाणा गडग्याबाहेरच काढाव्या लागत. पारायण नुकतेच आटोपून ते ओटीवर मृगाजिनावर बसले होते. कमरेला सोवळ्याचा रेशमी मुकटा, मांडीवर लाल बांधणीची पोथी. गाव, गोत्र विचारून झाले आणि त्यांनी कौतुकाने पोथीवर हात फिरवला.

"थोरल्यानं मुंबईहून बांधून पाठवली. हे कापड बघा. मोरोक्को म्हणतात याला. मलमल झक मारते!"

मी प्रभाकरची मांडी दाबून धरली. उपयोग झाला नाही.

"कापड नव्हे, अप्पा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला म्हणता! "आफ्रिकेच्या उत्तरेला देश आहे मोरोक्को. तिथले लोक बकऱ्याचं कातडं असं काही कमावत, असं रंगवत, की साहेबानं त्या कातड्यालाच देशाचं नाव दिलं. आता कुठंही करतात, नाव तेच राहिलं."

विंचू चावावा तसा अप्पांचा हात पोथीवरून उडाला. "बकरा? माझ्या सोवळ्यात? सबंध चातुर्मास?"

आतून बांगड्या वाजल्या. "अप्पा, तुम्ही बसलायत ते तरी कशाचं आहे?"

"गप गं कार्टे! हे मृगाजिन. शास्त्राला चालतं." बोलता बोलता त्यांना त्यातच वाट दिसली. ते हळूच म्हणाले, "मास्तर, आपल्याकडे मऊ कातड्याला साबर म्हणतात, ते सांबरावरूनच ना?"

"सांबरावरूनच."

"मग हेही साबरच असेल. सांबर म्हणजे मृगच की. काय?"

एक 'हो' म्हटले की पोथी शुद्ध, अप्पा शुद्ध आणि लग्न पक्के. मी त्याच्या कानाशी लागलो, "सांबर म्हण, गाढवा!" प्रभाकरने पोथीकडे पाहिले, आतल्या दाराकडे पाहिले, घाम पुसला... "नाही हो अप्पा. बकराच आहे."

अप्पा उठले ते तडक विहिरीवर. डोक्यावर घागरी ओतल्याचा आवाज ऐकत आम्ही वहाणा शोधल्या. वाटभर मी त्याला शिव्या घातल्या, आणि तो रडवेला होऊन एवढेच म्हणे, "अरे, पण बकराच होता रे."

काही दिवसांनी अप्पांचा गडी निरोप घेऊन आला, मुहूर्त काढायला या. खांद्यावर काठी, काठीच्या टोकाला पोथीची उसवलेली लाल बांधणी. "अप्पांनी सांगितलंय, तुमचा बकरा तुमच्याकडंच ठेवा."

त्या कातड्याचे प्रभाकरने पुढे चष्म्याचे घर करून घेतले. परवा वहिनींना भेटायला गेलो तेव्हा त्या त्यातला चष्मा काढून पुसत बसल्या होत्या. रोज दुपारी पुसतात म्हणे. मी समोर बसत म्हणालो, "वहिनी, अप्पांनी तेव्हा होकार कसा दिला हे मला आजवर कळलं नाही."

"अप्पांनी कुठला द्यायला? मी त्यांच्याकडून घेतला. पोथी आली त्याच दिवशी मला वासावरून कळलं होतं ते कातडं आहे. सांगायचा धीर झाला नाही. हे सांगून मोकळे झाले..." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि भावोजी, तुमचं ते 'सांबर म्हण, गाढवा' दाराआड स्वच्छ ऐकू आलं होतं हो. मी देवाला म्हणत होते, म्हणू देऊ नकोस."

त्यांनी काचेवर फुंकर घातली, पुसली, आणि आरपार दिसते का ते उजेडाकडे धरून पाहिले.