कीकरवरचा हरणटोळ

कबूल करते: एका सापाची नीट ओळखही न करून घेता मी त्याच्या झाडाला फाशीची शिक्षा सुनावली होती.

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा सोसायट्या आधी उभ्या राहायच्या, पाणी मागून यायचं. आमच्या फाटकापाशी बिल्डरच्या हातून चुकून वाचलेला एकच कीकर होता, आपल्या बाभळीचा भाऊबंद. त्याच्या सावलीत इस्त्रीवाली ठेला लावायची. एका दुपारी तिला साड्या देताना वर पाहिलं, तर बेचक्यात वेटोळं करून साप! माझ्या रत्नागिरीच्या डोक्याने लगेच निकाल दिला: झाडावरचा साप म्हणजे हरणटोळ, आणि हरणटोळ वरून झेप घेऊन माणसाची टाळूच फोडतो. खरं तर हरणटोळ हिरवागार, हा मातकट. पण दिल्लीच्या उन्हात माझी कातडी करपली, तर त्याची का नाही करपणार?

दुसऱ्या दिवसापासून लेक डोक्यावर पातेलं धरून स्कूलबसपर्यंत जाऊ लागली. "अगं, निदान माझं हेल्मेट तरी दे तिला," नवरा म्हणाला. मी सोसायटीकडे अर्ज दिला, झाड तोडा. तीन दिवसांत मंजूर! पाण्याचा अर्ज वर्षभर पडून होता. इस्त्रीवाली उन्हात उभं राहून इस्त्री कशी करणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तळमजल्यावर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या नागपूरच्या बाई राहायच्या. त्यांनी दुर्बीण लावली.

"डोळ्यातली बाहुली उभी आहे, मांजरीसारखी. हा मांजऱ्या. दिवसा झोपतो, रात्री पाली धरतो. विष आहे, पण मागच्या दातांत, पालीपुरतं."

"आणि टाळू?"

"टाळूचं काय? हरणटोळसुद्धा टाळूबिळू शोधत नाही हो!"

माझं अख्खं बालपण खोटं पडलं. विषारी आहे, पण घाबरू नका. म्हणजे नेमकं करायचं तरी काय?

धावत सेक्रेटरींकडे गेले. "साँप हरा नहीं, भूरा है. ज़हर है भी, नहीं भी."

"मैडम, पहले आप तय कर लीजिए."

तोवर खाली कुऱ्हाड चालू झाली होती. मी बुंध्याला मिठी मारून उभी राहिले, पदर काट्यांत अडकलेला. निम्मं झाड वाचलं. साप कुठे गेला, कोण जाणे.

इस्त्रीवालीची माफी मागितली. उरलेल्या सावलीत ठेला सरकवत ती म्हणाली, "छाँव तो आपने काट दी, बीबीजी. अब दोपहर में ठेला आपकी सीढ़ी के नीचे लगेगा. और साँप उधर आ जाए, तो चिट्ठी मत लिखना, पहले मुझे बुलाना."